हैबती कुंभाराचं परळ

सावरखिंडीच्या तोंडाशी एक चिंच आहे. तिच्या खालच्या फांदीला दोरीने एक गाडगं टांगलेलं असतं. बाहेरचा माणूस ते बघतो आणि विचारतो, हे कशाला? त्याला आम्ही आधी बसवतो, पाणी देतो, आणि मग सांगतो. तुम्हीही बसा. मधे बोलू नका.

खिंड फोडून गाडीरस्ता झाला, त्याच्याही फार वर्षांपूर्वी आमच्या गावात हैबती नावाचा कुंभार होता. गावाचं शेवटचं घर त्याचं. त्याच्या पुढे खिंड आणि खिंडीच्या वर पठार. खिंडीतून लमाणांचे तांडे जायचे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य, आणि बैलांच्या बरोबरीने कुत्री. तांडा कुणासाठी थांबत नाही. जे कुत्रं लंगडलं, जे आजारी पडलं, ते मागे राहायचं. मग ते उतार उतरून खाली यायचं आणि ऊब शोधायचं. पहिली ऊब लागायची ती हैबतीच्या आव्याची. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. मडकी काढून घेतली तरी आव्यातली राख बराच वेळ गरम राहते. कुत्रं त्या राखेत शिरून पडायचं.

हैबती बुटका होता, रागीट होता, आणि कमी बोलायचा. तू कुत्र्यांवर माया करतोस असं कुणी त्याला म्हटलं असतं, तर त्याने त्याला अंगणातून हाकललं असतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की राखेत कुत्रं झोपलेलं असताना आवा पेटवता येत नाही. मग त्याला बरं करून उठवणं आलं.

असं म्हणतात, की एका उन्हाळ्यात एक कुत्री त्याच्या राखेत व्याली. पिलांचे डोळे उघडून ती चालायला लागेपर्यंत हैबतीने आवा लावला नाही. गावात जुनी मडकी फुटली आणि नवी मिळेनात. लोक तांब्याच्या घागरीतलं कोमट पाणी पीत बसले. बायका येऊन त्याला बोलून गेल्या. पाटील स्वतः आले. हैबती सगळ्यांना एकच सांगायचा, की जागा मोकळी नाही. पिलं उठली तेव्हा आवा लागला, आणि ती एकेक करून त्याच बायकांच्या घरी गेली.

कारण हैबती कुत्री ठेवून घेत नसे. बरी करायचा आणि घर बघून द्यायचा. इथलं कुत्रं माझं नाही, वाटेवरचं आहे, असं तो म्हणायचा.

घर बघायची त्याची रीत ठरलेली होती. भाकरी थापायच्या वेळेला तो त्या घराच्या मागच्या दाराशी जाऊन बसायचा. परातीत शेवटी जे चिमूटभर पीठ उरतं, त्याची बाई चानकी करते का, ते बघायचा. चानकी म्हणजे तळहाताएवढी भाकरी. ज्या घरात चानकी होते, त्या घरात आणखी एका तोंडाला जागा आहे, असा त्याचा हिशेब. जिथे उरलेलं पीठ परातीबरोबर धुऊन जातं, तिथे जागा नाही. गावाला हे कळलं तेव्हा हैबती लांबून दिसला की बायका घाईने चानक्या थापायला लागल्या. मग तो गाढवांच्या वाटेने, मागून, न सांगता यायला लागला.

कुत्र्याबरोबर तो एक नवं परळ द्यायचा. परळ म्हणजे मातीची पसरट थाळी, कुत्र्यापुढे पाणी ठेवायला. आणि देताना सांगायचा, की जमलं नाही तर परळ घेऊन या आणि कुत्रं सोडून जा. कुंभाराचं गळकं मडकं परत आलं तर तो ते मुकाट्याने घेतो. गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही. हैबतीने तोच नियम कुत्र्याला लावला. परळ हातात घेऊन माणूस दारात आलं, की तो उठून परळ घ्यायचा, कुत्रं घ्यायचा, आणि का म्हणून विचारायचा नाही. त्यामुळे लाजेपोटी कुणी कुत्रं रानात नेऊन सोडलं नाही.

एका माणसाला मात्र त्याने कुत्रं दिलं नाही. ती धोंडाई सुईण. तिचं घर ओढ्याकाठी होतं, पण ती घरात सापडायची नाही. खालच्या वाड्या, वरचं पठार, जिथून बोलावणं येईल तिथे ती चालत जायची. ज्या घरी बाळंतपण त्या घरी जेवायची. एकटीने खिंड चढायची म्हणून तिने एकदा हैबतीकडे कुत्रं मागितलं. हैबती रीतीप्रमाणे भाकरीच्या वेळेला गेला. चूल थंड होती. परात पालथी होती आणि परातीवर धूळ होती. तो चार माणसांसमोर म्हणाला, की थंड चुलीच्या घरात मी कुत्रं देत नाही.

धोंडाई म्हणाली, "या गावातल्या पोरांनी पहिला श्वास माझ्या हातावर घेतला, हैबती. आणि तू माझी परात बघतोस."

त्या दिवसापासून ती पाण्याची मडकी शेजारच्या गावच्या कुंभाराकडून आणायला लागली. ती डोक्यावर घेऊन हैबतीच्या दारावरून जायची, आणि मुद्दाम हळू जायची. अशी बरीच वर्षं गेली.

मग एका वर्षी पावसाळा सरताना एक तांडा फार घाईत खिंड उतरला आणि गावात न थांबता पुढे गेला. त्याच्या मागून एक कुत्रा आला. थोराड होता. पाठ फाटलेली, एक कान तुटलेला. गळ्यात काट्यांचा लोखंडी पट्टा. बिबट्याने नरडं धरू नये म्हणून तांड्यातले लोक असा पट्टा घालतात. तो राखेत पडला आणि राखेच्याच रंगाचा झाला. हैबतीने त्याचं नाव राख्या ठेवलं.

त्याने जखम निंबाच्या पाण्याने धुतली, हळद भरली, आणि भाकरी ताकात कुस्करून हाताने चारली. असं म्हणतात, की पाठ सांधावी म्हणून त्याने तिच्यावर चाकावरची माती लिंपली. माती वाळून गळून पडली तेव्हा खाली नवं कातडं होतं. मला विचाराल तर कातडं हळदीने आलं. पण म्हणतात मातीने.

राख्या उठला. पण तो भुंकायचा नाही. एकदाही भुंकला नाही. आणि एका जागी बसायचा नाही. उजाडलं की खिंडीत जायचा, वाटेवर उभा राहून तांड्याची चाहूल घ्यायचा, आणि दिवस कलला की खाली यायचा.

त्याच हिवाळ्यात पठारावरच्या मेंढ्या जायला लागल्या. सुभाना धनगराच्या कळपातलं आज एक कोकरू, परवा एक मेंढी. धोंडाई म्हणाली की खिंडीत बिबट्या आहे, मी पावलं बघितली. पुरुष हसले. या खिंडीत कुणाच्या आठवणीत बिबट्या आला नव्हता. म्हातारीला रानमांजर दिसलं असेल, म्हणाले. सुभानाला दिसत होता तो खिंडीत उभा राहणारा मुका कुत्रा. तो चावडीवर आला आणि म्हणाला, की चोर भुंकत नाही, आणि हा कुत्रा भुंकत नाही.

पाटलांनी हैबतीला बोलावलं. "कुणाचा आहे तो कुत्रा?"

माझा आहे असं हैबती म्हणाला असता तर काम भागलं असतं. पण जन्मभर तो उलटं बोलत आला होता, आणि बोललेलं फिरवायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, "वाटेवरचा आहे."

"मग त्याच्याबद्दल जबाब कोण देणार?"

हैबती हातावरची वाळलेली माती खरवडत राहिला. पाटलांनी निवाडा दिला. वाघजाईच्या जत्रेपर्यंत त्याला घर मिळालं आणि घरधन्याने जबाबदारी घेतली, तर ठीक. नाही मिळालं तर जत्रेच्या दिवशी दुपारी माणसं काठ्या घेऊन खिंडीत जातील.

हैबती कामाला लागला. गुरवाच्या घरी चानकी चांगली होत होती. तिथे राख्याला दिलं. त्याने खिंडीत जाऊ नये म्हणून गुरवाने त्याला बांधलं. बांधल्यावर त्याने अन्न सोडलं. गुरव परळ घेऊन आला. हैबतीने विचारलं नाही.

मग तेल्याच्या घरी दिलं. तिथे एक नाही, दोन चानक्या व्हायच्या. तेल्याचा बैल घाण्याला जुंपला की राख्या उठायचा आणि बैलाच्या मागोमाग चालायला लागायचा. घाण्याचा बैल गोल फिरतो, कुठे पोचत नाही. राख्याही त्याच्यामागे गोल फिरायचा. बैल सोडेपर्यंत थांबायचा नाही. त्याच्या पायांची कातडी सोलली. एके दिवशी तेल्याची सून सरजा परळ घेऊन आली. हैबतीने विचारलं नाही, पण तिला सांगितल्यावाचून राहवेना.

"बैल चालला की हा चालतो, बाबा. दमला तरी चालतो. आम्हाला बघवत नाही."

ती डोळे पुसत गेली. हैबती राख्याचे पाय बघत बसला. असं म्हणतात, की त्याचं फिरतं चाक तेव्हा आपोआप थांबलं. तो बायकोला म्हणाला, "मी मडक्यासाठी बघावं तसं घर बघत होतो. मडकं ठेवाल तिथे बसतं. हा चालण्यातला आहे."

बायको म्हणजे बजाबाई. ती माती तुडवत होती. ती म्हणाली, "मग चालणारं घर बघा."

"असं घर कुठे असतं?"

"असतं की. परक्या कुंभाराची मडकी डोक्यावर घेऊन आपल्या दारावरून जातं."

हैबती चिडला. उठून गाढवांना पाणी पाजून आला. परत येऊन बसला, परत उठला. जत्रा दुसऱ्या दिवशी होती. गावात देवीच्या पालखीला रंग देणं चालू होतं, आणि पाटलांच्या ओसरीला काठ्या आणून टेकवून ठेवल्या होत्या. त्या त्याने येता-जाता बघितल्या होत्या. ऊन उतरायला लागलं तेव्हा त्याने एक नवं परळ घेतलं, राख्याला हाक मारली, आणि ओढ्याकडे निघाला. या वेळी गाढवांच्या वाटेने गेला नाही. गावातून, समोरच्या दाराने गेला.

धोंडाई उंबऱ्यात बसून वहाणेचा अंगठा शिवत होती. तिने वर बघितलं नाही.

"परात बघायला आलास होय?"

"नाही."

"चूल अजून थंडच आहे."

"असू दे. याला चूल नको. चालणारं माणूस पाहिजे."

धोंडाईने वहाण खाली ठेवली. पोटुशीला तपासावं तसं तिने राख्याला तपासलं. पाठीवरून हात फिरवला, कान बघितला, पाय उचलून बघितले.

"पाय सोललेत."

"तेल्याच्या बैलामागे फिरला."

"म्हणजे तू चुकीच्या घरी दिलास."

"होय," हैबती म्हणाला. असं म्हणतात, की होय हा शब्द त्याने जन्मात तेवढा एकदाच काढला.

धोंडाईने परळ घेतलं. रीत तीच ना, जमलं नाही तर परळ आणून द्यायचं आणि तू विचारायचं नाही, असं तिने पक्कं करून घेतलं. विचारणार नाही, तो म्हणाला, आणि मागे न बघता घरी आला.

जत्रेच्या दिवशी उजाडताना पठारावरून सुभानाचा भाऊ धावत खाली आला. सुभानाची बायको अडली होती. धोंडाईने गाठोडं उचललं, परळ गाठोड्यात घातलं, आणि राख्याला घेऊन निघाली. राख्याला बघून तो भाऊ थबकला. हा बरोबर असेल तर मी येत नाही, म्हणाला.

"मग तू जत्रा बघ," धोंडाई म्हणाली. "वाट मला ठाऊक आहे."

खिंडीच्या मधोमध वाट अरुंद होते आणि वर एक काळा खडक पुढे आलेला आहे. तिथे आल्यावर राख्या तिच्या पुढे गेला आणि वाटेत आडवा उभा राहिला. ती म्हणाली, सरक. तो सरकला नाही. तिने त्याला गुडघ्याने ढकललं. तो हलला नाही. मग तिने वर बघितलं. खडकावर बिबट्या दबा धरून बसला होता.

तेव्हा राख्या भुंकला.

असं म्हणतात, की त्याने आजवरचं सगळं भुंकणं साठवून ठेवलं होतं. तो आवाज खिंडीच्या दोन्ही भिंतींवर आपटत खाली आला. हैबतीच्या अंगणातली मडकी एकामागून एक घुमली. देवळातली घंटा कुणी हात न लावता हलली, आणि पालखीपुढचे ढोल वाजायचे थांबले. बिबट्या खडकावरून उठला आणि वरच्या रानात निघून गेला. तो परत या खिंडीत उतरला नाही, असं म्हणतात. ते खरं नाही. माझ्या आज्याने एक बघितला होता. पण तो पळत होता.

धोंडाई वर पोचली. पोर आडवं होतं. तिने ते हाताने वळवलं, आणि उन्हं चढायच्या आत सुभानाला मुलगी झाली. आई जगली, मुलगी जगली. सुभाना बाहेर मेंढवाड्यापाशी बसला होता. राख्या वाड्याच्या तोंडाशी जाऊन पडला, आणि मेंढ्या त्याला घाबरल्या नाहीत. एक कोकरू जाऊन त्याच्या अंगाला टेकून बसलं. सुभाना बघत राहिला. धोंडाईने त्याला खडकाचं सांगितलं. तो उठला, एकटाच खडकावर चढला, आणि वर त्याला आपल्या मेंढ्यांची हाडं आणि लोकर सापडली.

खाली गावात हे काही कळलेलं नव्हतं. दुपार झाली, आणि पाटलांच्या निवाड्याप्रमाणे माणसं काठ्या घेऊन या चिंचेखाली जमली. सुभानाचा भाऊ सांगत होता, की म्हातारी त्या कुत्र्याबरोबर एकटीच गेली. कुणी म्हणालं, सकाळचा आवाज तिला फाडतानाचा असेल. हैबती त्यांच्यापुढे वाट अडवून उभा होता. बुटका माणूस. चार जणांनी उचलून बाजूला ठेवला असता.

तेवढ्यात उतारावर धोंडाई दिसली. तिच्या बरोबरीने राख्या चालत होता. आणि तिच्या हातात परळ होतं.

परळ हातात धरून येण्याचा अर्थ गावात सगळ्यांना ठाऊक होता. माणसांनी काठ्या सावरल्या. सरजाने तोंडाला पदर लावला. धोंडाईने राख्या परत केला, तर त्याला घर उरत नव्हतं, आणि जत्रेची दुपार झाली होती. हैबतीला विचारायचं होतं. त्याने विचारलं नाही. त्याने हात पुढे केले आणि परळ घेतलं.

धोंडाई चिंचेच्या मुळीवर बसली. तिने तोंड पुसलं, वहाणेतला खडा काढला. मग म्हणाली, "यात पाणी राहत नाही."

हैबती एवढंच म्हणाला, "माझं परळ गळत नाही."

"गळत कुठे म्हटलं? सांडतं. चढावर पसरट भांड्यात पाणी राहील का? दोरी लावून खांद्याला टांगता येईल असं गाडगं दे. तोंड जरा मोठं ठेव, याचं तोंड आत गेलं पाहिजे. आम्हाला रोज जायचं असतं."

आधी सरजा हसली. रडत होती आणि हसत होती. मग बजाबाई हसली. हैबतीने राख्याकडे बघितलं, परळ काखेत धरलं, आणि तोंड फिरवलं. म्हणाला, "माती भिजलेली आहे. आजच करतो."

मागून सुभाना उतरत आला. हातात लोकर होती. ती त्याने पाटलांच्या पायाशी टाकली आणि खडकावरची हाडं सांगितली. मग त्याने आपल्या भावाच्या हातातली काठी काढून घेतली आणि चिंचेखाली टाकली. पाटलांनी आपली टाकली. मग सगळ्यांनी टाकल्या. ढोल पुन्हा सुरू झाले.

गाडगं वाळेपर्यंत काठ्या तिथेच पडून होत्या. आपली काठी परत न्यायला कुणी आलं नाही. हैबतीने त्या गोळा केल्या, आव्यात घातल्या, आणि त्या जाळावर ते गाडगं भाजलं.

धोंडाई पुढे हैबतीचीच मडकी घ्यायला लागली. प्रत्येक मडकं वाजवून बघायची आणि नावं ठेवायची. राख्या कुत्र्याच्या आयुष्याहून फार जास्त जगला, असं म्हणतात. म्हातारपणी दोघं सारख्याच चालीने चालायची. पठारावर पोर जन्मलं की आधी खिंडीतून एक भुंकणं यायचं, आणि घरातली माणसं पाणी तापवायला ठेवायची. ती दोघं गेल्यावरही काही जणांना ते ऐकू यायचं, असं म्हणतात.

आता रस्ता आहे. पठारावर नर्सबाई गाडीने जातात. पण चिंचेपाशी गाडी थांबवतात, बाटलीतलं पाणी गाडग्यात ओततात आणि मग पुढे जातात. त्यांना कुणी सांगितलं नाही. आधीच्या बाईंना त्यांनी तसं करताना बघितलं. वाघजाईच्या जत्रेला दुपारी गावातला प्रत्येक पुरुष एक काठी आणून चिंचेखाली टाकतो. कुंभार त्या काठ्यांवर नवं गाडगं भाजतो आणि जुनं उतरवून ते टांगतो.

आणि आमच्या गावात कुत्रं परळाशिवाय दिलं जात नाही. कुणाला नाही जमलं तर तो परळ घेऊन येतो, देणारा ते घेतो आणि का म्हणून विचारत नाही. रस्त्यावर सोडलेलं कुत्रं तुम्हाला इथे दिसणार नाही. फिरून बघा.

झालं. पाणी प्यालात ना? तांब्यात उरलं असेल ते जाताना गाडग्यात ओता.